कॉलेजनं बोलायला बोलावलंय? आधी मधली तीन वर्षं आठवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही धाराशिव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी केलंत, पुढं एमएस्सी, आणि आता पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी विभागात) आहात. तेव्हाचे सर आता प्राचार्य झालेत. त्यांनी जानेवारीतल्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलावलंय. चाळीस मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'यशाचा मार्ग'. तुम्ही विचारताय की मी काही मोठा माणूस नाही, मग मी काय बोलू? स्वतःचा संघर्ष सांगितला तर आपलीच टिमकी वाजवल्यासारखं होईल का? पीपीटी करू का? कोट घालू का?

मी बीड जिल्ह्यातली. १९९९ साली तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी, २००१ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातून (तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं) ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी, आणि तेव्हापासून त्याच शहराजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये. आता मुलाखती घ्यायचं कामही माझ्याकडं असतं. आमच्या कॉलेजात मी पहिल्यांदा बोलायला गेले २००९ साली, आणि मधली कोविडची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी जाते. तेव्हा माझं उत्तर एका बाजूनं भाषण करणारीचं आहे आणि दुसऱ्या बाजूनं त्याच पोरांचे बायोडेटा वाचणारीचं.

'मी मोठा नाही' ही अडचण मनातून काढून टाका. समोरच्या पोरांना प्रेरणेचा तुटवडा नाही. त्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी पाच-पन्नास सुविचार येऊन पडतात. त्यांच्याकडं नसते ती माहिती. त्यांच्या एसटी थांब्यापासून तुमच्या कंपनीच्या गेटपर्यंत माणूस नेमका कसा पोचतो, मध्ये कुठं कुठं उतरावं लागतं, किती पैसे लागतात, हे त्यांना सांगणारं घरात कुणी नसतं. ते तुम्हाला माहीत आहे. एखाद्या कंपनीच्या मालकाला ते माहीत नसेलही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. कार्यक्रम स्नेहसंमेलनाचाच आहे की सोबत माजी विद्यार्थी मेळावा आहे? समोर फक्त सायन्सची मुलं असणार की आर्ट्स-कॉमर्सही? स्नेहसंमेलनात पोरांचं लक्ष नाचाच्या नंबराकडं असतं आणि तुमची चाळीस मिनिटं हारतुऱ्यांत विरघळून पंधरा होतात. त्याचा राग मानू नका, पण तयारी पंधराची ठेवा. आणि सरांना आत्ताच फोन करून सांगा: "सर, व्यासपीठावर दहा मिनिटं बोलतो, पण त्याआधी सकाळी सायन्सच्या दुसऱ्या वर्षाचा एक वर्ग मला द्या, बाकांवर, माईकशिवाय." तो वर्ग मिळाला तर समजा खरा कार्यक्रम तिथं होणार आहे.

कॉलेज तुम्हाला का बोलावतंय याचाही अंदाज असू द्या. नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मूल्यांकनात पाचव्या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागासाठी वेगळं कलम असतं, ५.४. त्यासाठी फोटो लागतात, हजेरीपट लागतो, तुमच्या सहीचं पत्र लागतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा लागलं होतं, आपण फाइलमधला एक कागद आहोत म्हणून. आता वाटतं, फाइलसाठी का होईना, दार उघडतंय ना. फोटो काढू द्यायचा आणि बदल्यात तो वर्ग मागून घ्यायचा.

माझं पहिलं भाषण सपशेल पडलं, ते सांगते. २००९ चा जानेवारी. मी पीपीटी केली होती, एकतीस स्लाइड. पहिल्या स्लाइडवर सूर्योदय. जिद्द, चिकाटी, वेळेचं नियोजन. मध्ये शास्त्रज्ञ डॉ. माशेलकरांची गोष्ट, गोव्यातल्या माशेलचा मुलगा, मुंबईत अनवाणी शाळेत जायचा, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायचा, पुढं सीएसआयआर या देशातल्या प्रयोगशाळांच्या मोठ्या संस्थेचा महासंचालक झाला. टाळ्या पडल्या. मी खूश. परतीच्या एसटीसाठी स्टँडवर उभी होते तर सायन्सची एक मुलगी जवळ आली. सभागृहात ती काही बोलली नव्हती. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तिकडं राहायचं कुठं?"

पन्नास मिनिटं बोलून मी त्या एका प्रश्नाच्या आसपासही गेले नव्हते. तिला जिद्द होती, चिकाटीही असणार. वाळूजला नोकरी लागली तर रात्री झोपायचं कुठं, खोलीचं भाडं किती, मुली कुठं राहतात, घरी बापाला काय सांगायचं, यावर तिचं घोडं अडलं होतं. मी तिला घाईघाईनं दोन गोष्टी सांगितल्या आणि गाडी लागली. तिचं नाव विचारायचं राहिलं. पुढं काय झालं मला माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी मी पीपीटी नेली नाही. फळ्यावर तीन वर्षं लिहिली: २००१, २००२, २००३. आणि प्रत्येकासमोर हिशेब. २००१ मध्ये एका छोट्या युनिटात ट्रेनी, महिना २,८०० रुपये. तीन मुलींत एक खोली, माझ्या वाट्याला ४०० भाडं. डब्याचे ६५०. शेअर रिक्षाचे दीडशे. घरी पाठवले शून्य, पहिले सात महिने. मग ते युनिट बंद पडलं, अडीच महिने घरी. २००२ मध्ये दुसरीकडं, पुन्हा ट्रेनी. २००३ च्या शेवटी पहिल्यांदा अशी लॅब मिळाली जिथं एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) होतं. एमएस्सीला आम्ही त्याची आकृती काढली होती, यंत्र तोवर हात लावून पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी वर्गात कुणी जांभई दिली नाही. मागच्या बाकावरची पोरं आकडे उतरवून घेत होती.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला हा की डिग्री आणि आजची नोकरी यांच्या मधली तीन वर्षं सांगा. बहुतेक पाहुणे तीच गाळतात. 'गरिबीत शिकलो' आणि 'आज मॅनेजर आहे' या दोन वाक्यांच्या मध्ये एक काळा पडदा असतो, आणि पोरांना नेमकं त्या पडद्यामागं जायचं असतं. आकडे आजचे द्या. तुमच्या कंपनीत नवा बीएस्सी साधारण किती पगारावर लागतो, एमएस्सी किती, कंत्राटावर घेतात की कायम, बस आहे का, कॅंटीन आहे का. तुमचा स्वतःचा आजचा पगार सांगायची गरज नाही, पण पहिला जरूर सांगा. टिमकी वाजवल्यासारखं होईल का, या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आकड्यांत सांगितलेला संघर्ष टिमकी वाटत नाही. 'मी खूप सोसलं' हे वाटतं.

राहण्याच्या बाबतीत एक कबुली मी दरवेळी देते. माझी मावशी आमच्या शहरातल्या सिडको भागात राहत होती. एमएस्सीची दोन वर्षं आणि नोकरी गेल्यावर पुन्हा परत आल्यावरचे पहिले तीन महिने मी तिच्याकडं होते. ती नसती तर मी आज इथं नसते, हे मी शब्दशः सांगते. ज्यांना मावशी नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर शोधूनच मग वर्गात जाते: कोणत्या भागात मुलींच्या खोल्या मिळतात, नोकरदार महिलांचं वसतिगृह कुठं आहे, आमच्या कॉलेजच्या कोण कोण मुली सध्या तिथं राहतात. तुम्हाला मुलगा म्हणून हा प्रश्न कदाचित पडला नसेल, कॉट बेसिसवर कुठंही निभावलं असेल. पण तुमच्यासमोर निम्म्या मुली असणार. पुण्यात तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलीला विचारून ही माहिती घेऊनच जा. रात्रपाळीचंही विचारतील. ते कंपनीकंपनीनुसार वेगळं असतं, तुमच्याकडं जे आहे ते सांगा.

माशेलकरांची गोष्ट मी सोडली नाही, फक्त तिचा दुसरा तुकडा सांगते. युनियन हायस्कूलमध्ये त्यांना भावे नावाचे सर होते. ते वर्गाला उन्हात घेऊन गेले, भिंग धरलं, आणि उन्हाचा एकच ठिपका करून कागद जाळून दाखवला. माशेलकर स्वतः ही आठवण पुष्कळदा सांगतात. दिव्याखालच्या अभ्यासाची गोष्ट ऐकून पोरं म्हणतात, 'ते माशेलकर होते'. भिंगाची गोष्ट ऐकून प्राध्यापक एकमेकांकडं बघतात, कारण भिंग तर लॅबच्या कपाटात पडलेलं असतं.

आता तुमच्या-माझ्या धंद्यातलं, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

मी वर्गात विचारते, "मागच्या टायट्रेशनला तिन्ही रीडिंग सारखी कुणाची आली?" (टायट्रेशन म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून प्रमाण मोजायचा प्रयोग.) सगळे हात वर. "खरंच आली?" मग हशा. सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग, कसा असतो हे आपल्याला माहीतच आहे. पहिलं रीडिंग १०.२ आलं की दुसरं १०.२ आणि तिसरंही १०.२ बसल्या जागी लिहून टाकायचं आणि एसटी पकडायची. मीही तेच केलं आहे, बीएस्सीची तीन वर्षं, बिनदिक्कत. कुणी वाईट म्हणून करत नाही. एका ब्युरेटवर चौघं उभे असतात आणि दीडची गाडी चुकली तर पुढची साडेचारला असते.

मग मी त्यांना माझी गोष्ट सांगते. नोकरीचा दुसरा महिना. लॉगबुकात वजन लिहिताना आकडा चुकला. मी पर्समधून व्हाइटनर काढला, छान पांढरं केलं, वाळू दिलं, वर बरोबर आकडा लिहिला. वहीत करायचे तसंच. अर्ध्या तासात सीनियरनी बोलावलं. मला वाटलं, नीटनेटकेपणाचं कौतुक होणार. त्यांनी वही समोर ठेवली आणि विचारलं, "खाली काय लिहिलं होतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हे तू सांगतेयस. वही सांगत नाहीये." त्या दिवशी मला कळलं की औषधाच्या कारखान्यात चूक खोडत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. रफ कागदावर लिहून मग वहीत उतरवणंही चालत नाही. मोजलं त्या क्षणी, मोजणाऱ्यानंच, त्याच वहीत लिहायचं. अमेरिकेच्या एफडीएचे (तिथल्या औषध नियामक संस्थेचे) तपासनीस येतात तेव्हा कचऱ्याचे डबेसुद्धा बघतात, फाडलेले कागद सापडतात का म्हणून. हे ऐकून पोरं एकदम ताठ बसतात. आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीचा कुणाच्या गोळीशी संबंध असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात पहिल्यांदाच येतं.

याच्या पुढचा प्रश्न मी मुलाखतीतही विचारते आणि वर्गातही: "गोळीत औषधाचं प्रमाण ९५ ते १०५ टक्के यायला हवं. तुम्हाला ९३ आलं. काय कराल?" दहातले सात-आठ जण म्हणतात, "पुन्हा करून बघू," किंवा "दोन-तीनदा करून सरासरी काढू." हुशार पोरंच असं म्हणतात, कारण कॉलेजात ते बरोबर धरलं जातं. आम्हाला हवं असलेलं उत्तर असं: थांबेन, द्रावणं फेकून देणार नाही, वरिष्ठांना सांगेन. मग चौकशी होते, वजनात चूक झाली का, यंत्रात काही होतं का, का खरोखरच बॅच खराब आहे. परवानगीशिवाय पुन्हा केलेली टेस्ट हाच गुन्हा. एवढी एक गोष्ट माहीत असलेला तालुक्याच्या कॉलेजचा मुलगा मुलाखतीत पुण्या-मुंबईच्या मुलांच्या पुढं निघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इंग्रजी अडखळत का असेना.

तुम्ही क्यूएमध्ये आहात, म्हणजे हे सगळं तुमच्या रोजच्या जेवणातलं मीठ आहे, आणि म्हणूनच तुम्हाला त्याची किंमत वाटत नसणार. 'यशाचा मार्ग' या विषयावर तुमच्याइतकं चांगलं बोलणारे शंभर मिळतील. खाडाखोडीवर वीस मिनिटं बोलणारा त्या कॉलेजनं आजवर पाहिलेला नसेल. फक्त एक सांभाळा: कंपनीचा कुठलाही कागद, फॉर्मॅट, फोटो बाहेर नेऊ नका. मी कोऱ्या वहीत हातानं तसा तक्ता आखून नेते आणि बॅच नंबर काहीतरी गंमतीचा टाकते.

याच ओघात नियमातली एक गोष्टही सांगा, कारण ती बीएस्सीवाल्यांना थेट लागू आहे. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणं औषधनिर्मितीवर देखरेख करणारी सक्षम तांत्रिक व्यक्ती म्हणून रसायनशास्त्र मुख्य विषय असलेला बीएस्सी चालतो, पण पदवीनंतर उत्पादनातला किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. आपल्याकडं पोरं पहिल्या दीड वर्षात हजार रुपयांच्या फरकासाठी प्लांट सोडून पॅकिंगला नाहीतर भलत्याच कंपनीत जातात आणि तो अनुभव तुटतो. हे आधी कळलं तर निदान हिशेब करून तरी सोडतील.

एक अवघड गोष्ट राहिली, आणि ती कुणी सांगत नाही.

तुम्ही व्यासपीठावर उभे राहाल तेव्हा पुढच्या रांगेत प्राध्यापक बसलेले असतील. त्यांतले काही तासिका तत्त्वावरचे असतील. त्यांत कदाचित तुमच्याच वर्गातला कुणीतरी असेल. माझ्या बाबतीत होता. बीएस्सीला त्याला माझ्यापेक्षा नऊ टक्के जास्त होते. एमएस्सी केलं, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास झाला, आणि पक्क्या जागेची वाट बघत तासाच्या हिशेबानं शिकवत होता, तेही वर्षातले काही महिनेच. मी तिसऱ्या वर्षी भाषणात म्हणाले, "मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच," आणि माझी नजर त्याच्यावर गेली. तो हसला. छान हसला, त्यात काही खोट नव्हती. मला पुढचं वाक्य सुचेना.

तेव्हापासून ते वाक्य मी टाकलं. मेहनतीबद्दल आता एवढंच म्हणते की मेहनतीशिवाय माझं झालं नसतं, आणि माझ्याइतकीच मेहनत करून काहींचं झालेलं नाही, कारण जागा निघाल्या नाहीत, युनिट बंद पडलं, बाप आजारी पडला. पोरांना हे कळतं. त्यांतल्या कित्येकांचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मेहनत काय असते हे मी त्यांना शिकवावं, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. उलट अशा पोरांना मी विचारते की मागं राहिलेल्या धाकट्या भावंडांचा स्वयंपाक करून तुम्ही नऊच्या प्रॅक्टिकलला कसे पोचता. हे जमवणारा माणूस शिफ्ट सांभाळू शकतो, आणि मुलाखतीत ते सांगायला लाजू नका, असं सांगते.

आणि हो, तो वर्गमित्र. आता मी भाषण एकटी करत नाही. तो आणि मी मिळून करतो. टायट्रेशन तो लावतो, खोडरबराचं नाटक तो करतो, मी कंपनीवाली बाई होऊन त्याला पकडते. शिवाय मी गेल्यावर वर्षभर पोरांच्या शंका त्याच्याकडंच येतात. तुमच्या कॉलेजातही असा कुणीतरी असेलच, त्याला आधी फोन करा. कॉलेजच्या उणिवा, म्हणजे लॅबमध्ये गॅस नव्हता, अमुक सर शिकवतच नव्हते, असलं काही पोरांसमोर विनोद म्हणूनही काढू नका. तुम्ही संध्याकाळी पुण्याला जाल. ते तिथंच राहणार आहेत. लॅब असिस्टंट मामा अजून असतील तर मात्र त्यांना व्यासपीठावरून नावानं हाक मारा.

इथपर्यंतचं एका दमात: सरांकडून दुसऱ्या वर्षाचा वर्ग मागून घ्या, मधली तीन वर्षं आकड्यांत सांगा, राहण्याची माहिती घेऊन जा, खाडाखोडीची गोष्ट करा, आणि 'मेहनत केली की मिळतंच' हे वाक्य घरी ठेवा. दुसरंच वर्ष का, तर तिसऱ्या वर्षाची पोरं जानेवारीत परीक्षेच्या आणि फॉर्मच्या धावपळीत असतात. दुसऱ्या वर्षाच्या पोरापाशी अजून एक अख्खं वर्ष असतं. एमएस्सीसाठी आयआयटीत जायला जॅम नावाची परीक्षा असते, हे मी मागच्या खेपेला विचारलं तेव्हा ऐंशी-नव्वद पोरांत तीन हात वर आले. तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत ते कळून उपयोग काय? फॉर्म भरायची मुदत तोवर टळलेली असते. पदवीधरांसाठी शिकाऊ उमेदवारीची सोय आहे, विद्यावेतन मिळतं, हेही बऱ्याच जणांना वाटतं की फक्त आयटीआयवाल्यांसाठी आहे.

प्रश्नांबद्दल. 'कुणाला काही प्रश्न?' असं विचारलंत तर शांतता पसरेल, मग एक धीट मुलगा आधीच ठरवून दिलेला प्रश्न विचारेल, मग आभारप्रदर्शन. त्यापेक्षा सुरुवातीलाच चिठ्ठ्या वाटा. वहीचं एक पान चार तुकड्यांत फाडलं की झालं. नाव लिहायचं नाही. जयंत नारळीकरांची एक पद्धत होती: मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर देईन. आणि देत असत. सही मागणाऱ्याला प्रश्न विचारायला लावणं, यात त्यांचा सगळा माणूस दिसतो. आपली सही कुणाला नको आहे, पण चिठ्ठीची कल्पना मी तिथूनच उचलली.

चिठ्ठ्यांत काय येतं? 'एमपीएससी करू की नोकरी?' हा दरवर्षीचा. त्यावर मी मत देत नाही. एवढंच विचारते की किती वर्षं देणार, ती तारीख आज घरी लिहून ठेवली का, आणि तोवर खर्च कोण करणार. 'इंग्रजी येत नाही.' याला माझं उत्तर असं की लॅबचं इंग्रजी दोनशे शब्दांचं असतं, एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत) रोज एक पान मोठ्यानं वाचा, तीन महिन्यांत जीभ वळते. 'तुमची जात कोणती?' हेही एकदा आलं होतं. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, हा प्रश्न मुलाखतीत कुणी विचारला तर तो त्याचा दोष आहे. काही चिठ्ठ्या मोठ्यानं वाचण्यासारख्या नसतात. घरी लग्नाचं चाललंय, मला शिकायचंय, अशा. त्या मी खिशात ठेवते आणि नंतर तिथल्या बाईंशी बोलते. तुम्हाला अशी चिठ्ठी आली तर व्यासपीठावरून शहाणपणा सांगू नका, विश्वासातल्या मॅडमच्या हाती द्या.

नोकरी लावून देतो असा शब्द चुकूनही देऊ नका. 'बायोडेटा पाठवा, बघू' हेसुद्धा नको. एकदा मी बोलून गेले आणि मेलवर एकशे बारा बायोडेटा येऊन पडले. लागली दोघं. उरलेल्या एकशे दहा घरांत माझं नाव कसं निघत असेल, याचा विचार आजही नको वाटतो. त्याऐवजी मी आता एवढंच कबूल करते की बायोडेटा तपासून देईन, महिन्याला पाच, सरांमार्फत. तेवढं झेपतं. तुमचा नंबर सरसकट फळ्यावर लिहू नका, पुढच्याच आठवड्यात ब्लॉक करायला लागाल आणि ते जास्त वाईट.

आणि जमलं तर पुन्हा जा. एकदाच येऊन गेलेला पाहुणा पोरांना सिनेमातल्यासारखा वाटतो. दुसऱ्या वर्षी तोच माणूस, तोच शर्ट, तीच वही घेऊन आला की त्यांना वाटतं, हा आपल्यातलाच आहे. माझ्याकडं खरे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून यायला लागले. मी आता जानेवारी सोडून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाते. तेव्हा ऊसतोडीला जाणारी घरं अजून गावात असतात, वर्ग भरलेले असतात आणि स्नेहसंमेलनाचा गोंधळ नसतो. यंदा तुम्ही जानेवारीतच जा, सरांना नाही म्हणू नका. पुढच्या खेपेचा महिना तिथंच ठरवून या.

कोट नको. रोज कंपनीत जाता ते कपडे घाला. पीपीटीही नको, दुपारी वीज असेलच असं नाही. तारीख ठरली की तुमच्या त्या तीन वर्षांचा हिशेब इथं लिहून काढा, मी आणि बाकीचे बघून सांगू काय राहिलंय. आणि वर्गाची वेळ सरांशी ठरवायच्या आधी गावाकडं जाणाऱ्या पोरांची दुपारची एसटी किती वाजता सुटते, ते विचारून घ्या. आमच्याकडं दीडला सुटते, म्हणून मी सव्वाला थांबते.